हाकेच्या पलीकडची जागा

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात राहणाऱ्या आणि फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरी करणाऱ्या ४३ वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. गेल्या सात वर्षांत त्यांच्या चार कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कोकणातल्या आजोळावर कादंबरी लिहायला घेतली आणि ती ३६ पानांवर अडली आहे. घर दोन खोल्यांचे. घरात यजमान, ७६ वर्षांच्या सासूबाई आणि यंदा दहावीला असलेला मुलगा. संध्याकाळी सात ते साडेदहा टीव्ही चालू असतो. लिहायला जेवणाचे टेबल आहे, पण तिथे सलग अर्धा तासही मिळत नाही. साठलेल्या रजेतून सहा आठवडे काढून गुहागरजवळ समुद्रकाठी एक लहान घर महिना १८,००० रुपये भाड्याने घ्यावे, असे त्यांच्या मनात आहे. यजमानांनी वेगळा पर्याय सुचवला आहे: सुमारे ७०,००० रुपये खर्चून बाल्कनीला सरकत्या काचा लावायच्या आणि तिथे टेबल टाकायचे. सासूबाईंचे म्हणणे, "लिहायला वही नि पेन लागतं, घर कशाला लागतं?" लेखनासाठी आदर्श जागा आणि वातावरण कसे असावे, अशी जागा मागणे हा स्वार्थ आहे का, आणि आपण न लिहिण्यासाठी सबब तर शोधत नाही ना, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. अकरा पाने आहेत आणि खाडाखोड जेमतेम चार ठिकाणी आहे. शेवटच्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिले आहे, की हे पत्र कार्यालयातल्या जुन्या फायलींच्या खोलीत, ओळीने चार दिवस जेवणाच्या सुट्टीत लिहिले. शेजारच्या दालनात सुतारकाम चालू असल्याने करवतीचा आवाज सतत येत होता, तेव्हा काही विस्कळीत वाटले तर समजून घ्यावे. विस्कळीत काहीच वाटले नाही. उलट पाचव्या पानावर, कादंबरी कशाबद्दल आहे हे सांगताना, तुम्ही आजोळच्या रहाटाबद्दल जे लिहिले आहे, तिथे मी थांबले. रहाटाच्या माळेतला एक लोटा फुटका होता, त्यामुळे पन्हळीत पाणी पडण्याचा आवाज दर फेऱ्यात एकदा चुकायचा, आणि त्या चुकलेल्या ठोक्यावरून आजी अंधारात अंथरुणावर पडल्या पडल्या आगराचे किती शिंपण झाले ते मोजायची. ज्या बाईला हे असे सांगता येते, ती लिहू शकते की नाही, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू.

आता त्या फायलींच्या खोलीत काय होते ते पाहा. शांतता नव्हती. समुद्र नव्हता, आणि खिडकीतून काही पाहण्यासारखे दिसत असेल तर ते तुम्ही लिहिलेले नाही. टेबल तुमचे नव्हते. वेळ पाऊण तासाचा, त्यातलीही दहा मिनिटे डबा खाण्यात गेली. तरी अकरा पाने लिहून झाली. घरच्या टेबलापाशी यापेक्षा उजेड चांगला, खुर्ची चांगली, आणि तिथे दोन वर्षांत ३६ पाने. मला यात एकच फरक दिसतो, आणि माझे सगळे उत्तर त्या फरकावर उभे आहे: त्या पाऊण तासात तुम्हाला कोणी हाक मारणार नव्हते, आणि हे तुम्हाला ठाऊक होते.

आवाज वेगळा आणि हाक वेगळी. लेखनाला शांतता लागते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला हाकेपासून सुटका हवी असते, आणि तिला दुसरे नाव न सापडल्याने आपण शांतता म्हणून जातो. करवत कोणाच्या नावाने चालत नाही. कुकरची शिट्टी मात्र, स्वयंपाकघर ज्याच्या नावावर आहे, त्याच्याच नावाने होते. घरातल्या इतर तिघांना तो आवाज आहे, तुम्हाला ती हाक आहे. "माझी वही कुठे ठेवलीस?", "गॅसवाला येऊन गेला का गं?", "पाणी गेलं वाटतं," यांतले एकही वाक्य कोणी मोठ्याने बोललेले नसते, रागाने तर मुळीच नसते, पण प्रत्येकाला उत्तर तुमच्याकडूनच हवे असते. शिवाय हाक प्रत्यक्ष यावीच लागते असेही नाही. ती येईल म्हणून एक कान घरात ठेवावा लागतो, आणि कादंबरीला दोन्ही कान लागतात. पहाटे पाचला सारे घर झोपलेले असतानाही टेबलाशी बसून काही सुचत नाही, याचा तुम्हाला अपराधी भाव वाटतो, असे तुम्ही लिहिले आहे. मला त्यात नवल वाटत नाही. सव्वापाचला दूध येते, साडेपाचला नळ येतो, सहाला मुलाला उठवायचे असते. त्या शांततेत तुम्ही घड्याळ ऐकत बसलेल्या असता.

तेव्हा सबब शोधण्याच्या शंकेचे उत्तर असे, की तुमची अडचण खरी आहे; फक्त तिचे निदान थोडे चुकले आहे, आणि निदान चुकल्यामुळे औषध महाग होऊन बसले आहे.

आवाजाचा फार बाऊ करू नये, याला अभ्यासाचाही थोडा आधार आहे. रवी मेहता, रुई झू आणि अमर चीमा यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ५०, ७० आणि ८५ डेसिबल अशा तीन पातळ्यांच्या आवाजात लोकांना कल्पकतेची कामे दिली होती. ७० डेसिबलला, म्हणजे भरलेल्या उपाहारगृहात असतो साधारण तेवढ्या गलबल्यात, ती सर्वांत चांगली झाली. ८५ डेसिबलला बिघडली. अशा प्रयोगांतली कामे लहान असतात आणि कादंबरी त्यांत मावत नाही, म्हणून मी त्यांच्यावर फार भार टाकणार नाही. दुसरी एक गोष्ट मात्र अधिक भरवशाची आहे आणि ती तुमच्या बाजूची आहे: आपल्याला कळणाऱ्या भाषेतले बोलणे कानावर पडत असेल, तर आवाज लहान असला तरी शब्दांचे काम अडते. तुम्ही मनात एक वाक्य जुळवत असता आणि मालिकेतली सासू तिचे वाक्य बोलते. दोन्ही मराठीच, मग तुमचे मोडते. म्हणून सात ते साडेदहा ही वेळ लेखनाच्या हिशेबातून काढूनच टाका. त्या वेळेत इस्त्री करा, भाजी निवडा, मुलाचा अभ्यास घ्या, पण वही उघडून स्वतःला दोष देत बसू नका. सासूबाईंना ऐकायला कमी येत असेल, तर टीव्हीला जोडायचा बिनतारी हेडफोन त्यांनाही सोयीचा वाटेल. तो त्यांना आवडला नाही, तर आग्रह धरू नका.

आपल्याकडे बायकांनी रचलेले सर्वांत मोठे काव्य कुठे रचले गेले, ते आठवून पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदवून घेतल्या. जात्याची घरघर कानात भरलेली असते, पहाटेचा अंधार असतो, हात अडकलेले असतात. पण दळणाऱ्या बाईला मध्येच कोणी उठवत नाही, कारण ती उठली तर भाकरी होणार नाही. तेवढा वेळ घराने तिला सोडलेले असते, ते तिच्या गाण्यासाठी नव्हे, पिठासाठी. पण सोडलेले असते. आणि खुंट्याला हात लावायला समोर दुसरी बाई असली, तर ओवी ऐकणारी आणि पुढची ओवी सांगणारीही तिथेच असते. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करता करता त्यांची गाणी झाली, घरच्यांनी ती उतरवून घेतली आणि त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. "बघा, त्यांना कुठे खोली लागली?" असे म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या युक्तिवादाने आजवर पुष्कळ बायकांना गप्प बसवले आहे, आणि उतरवून घेणारे कोणी नसल्याने किती ओव्या पिठाबरोबर संपून गेल्या, याचा हिशेब लागणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की जाते ही हाकेच्या पलीकडची जागा होती. पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा बायकांचे खांदे सुटले, हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर ती जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात घरात दुसरी जागा मिळाली नाही.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतंत्र खोलीचा आग्रह धरला, हे अनेकांना माहीत असते. त्याच दमात त्यांनी वर्षाला ५०० पौंडांचे उत्पन्न आणि खोलीच्या दाराला कुलूपही मागितले होते, हे तितकेसे आठवत नाही. उत्पन्न तुमच्याकडे आहे. कुलूप मात्र आपल्या घरांत अवघड जाते. दिवसाउजेडी आतून कडी लावून बसलेली बाई एक तर आजारी असते, नाही तर रुसलेली, असे आपण धरून चालतो, आणि मग "काय झालं?" असे विचारायला सगळे घर दाराशी येते.

आता समुद्रकाठच्या घराबद्दल. एकांतातल्या लेखनाची दोन उदाहरणे मराठीत हटकून दिली जातात, आणि दोन्ही तुरुंगातली आहेत. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहून काढले. हे वाचले की कोणालाही वाटते, मला पाच दिवस द्या, मीही लिहीन. पण गुरुजी त्या पाच दिवसांत आपल्या आईकडे पहिल्यांदा वळले नव्हते, आणि गीतेचा विचार टिळकांच्या मनात कित्येक वर्षे चालू होता. कोठडीने त्यांना फक्त सवड दिली. द्यायचे ते आधीच काठोकाठ भरलेले होते. आणि त्या सवडीची किंमत काय होती, हेही विसरू नये. टिळक मंडालेत असताना १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्या, आणि ते येऊ शकले नाहीत.

तुमचे कितपत भरले आहे, हे पाहायला हवे. यात माझा स्वतःचा अनुभव सांगते. मुले लहान असताना मी एकदा हट्टाने रजा काढून खाडीकाठच्या एका घरात वीस दिवस राहिले होते. पहिले चार दिवस मी टेबल खिडकीशी, मग भिंतीशी, मग ओटीवर हलवत होते. पाचव्या दिवसापासून दुपारचे चार वाजले की हातातले काम सुटू लागले, कारण ती मुले शाळेतून येण्याची वेळ. हाक मारणारे कोणी नव्हते, आणि मी हाकेसाठी कान लावून बसले होते. वीस दिवसांत अकरा पाने झाली, त्यांतली आठ पुढे काढून टाकली. सहा वर्षांनी मी त्याच घरात पुन्हा गेले. या वेळी पिशवीत पहिल्या खर्ड्याची २१० पाने होती आणि मनात एकच काम होते: मधली चार प्रकरणे कोणत्या क्रमाने लावायची. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पाने पसरली, उडू नयेत म्हणून त्यांवर खाडीतले गोटे ठेवले. ती रात्रभर तशीच राहिली. सकाळी उठून पाहिले तर कोणी आवरली नव्हती. नऊ दिवसांत क्रम लागला.

म्हणून माझे म्हणणे असे, की दूरचा मोठा एकांत जुळवणीच्या कामाला फार उपयोगी पडतो आणि पेरणीच्या कामाला कमी. ३६ पानांवर तुम्ही गुहागरला गेलात, तर सहा आठवड्यांचे २७,००० रुपये भाडे, खर्ची पडलेली रजा आणि घरच्यांनी काढलेले दिवस, या सगळ्याचे ओझे रोज सकाळी कोऱ्या पानावर येऊन बसेल. त्यातून यंदा मुलाची दहावी. परीक्षा होईपर्यंत तुम्ही तिथे असलात तरी मनाने इथेच राहाल. घर घेऊ नका, असे मी म्हणत नाही. आत्ता घेऊ नका. खर्डा दीडशे पानांच्या आसपास पोचला, कोण कुठे जाणार हे तुम्हाला कळले, पण धागे हातात मावेनासे झाले, की त्या वेळी निर्धास्तपणे रजा टाका. तोवर आजोळी जायचेच असेल, तर परीक्षा संपल्यावर तीन-चार दिवस जा, पण लिहायला म्हणून नका जाऊ. विहीर अजून आहे का, रहाट गेला तिथे पंप बसला का, आगर कोण पाहते, हे पाहून, विचारून, टिपून या. पाहायला जाणे आणि लिहायला जाणे एकाच फेरीत उरकायला गेले, की दोन्ही अर्धवट होतात.

बाल्कनीबद्दल माझे मत अधिक स्पष्ट आहे: निदान लेखनासाठी ती बंद करू नका. यजमानांनी ही सूचना आपुलकीने केली आहे, हे तुमच्या पत्रातही जाणवते, आणि तसे त्यांना सांगाही. पण बाल्कनी ही घरातली सर्वांत जास्त हाकेची जागा असते. कपडे वाळत घालायला, कुंड्यांना पाणी द्यायला, आत रेंज मिळत नाही म्हणून फोनवर बोलायला, खालून जाणाऱ्या भाजीवाल्याला थांबवायला सगळे तिथेच येतात. काच लावल्याने ते येणे थांबणार नाही, दुपारी काच तापेल ती वेगळीच, आणि सोसायटीच्या व महापालिकेच्या परवानगीचे पाहावे लागेल. शिवाय ७०,००० रुपये खर्च झाल्यावर घरातला प्रत्येक जण, काही वाईट मनात नसतानाही, महिन्याने विचारील, "मग, झालं का लिहून?" पहिल्या खर्ड्याला हा प्रश्न सोसत नाही.

माझ्या मते तुमची जागा तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला काळा घोड्यापाशी डेव्हिड ससून ग्रंथालय पायी अंतरावर आहे. १८७० मध्ये पुऱ्या झालेल्या त्या दगडी इमारतीला वरच्या मजल्यावर सज्जा आहे आणि मागे एक लहानशी बाग आहे. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. परतीच्या वाटेवर दादरला १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. वेळा आणि सभासदत्वाचे नियम प्रत्यक्ष जाऊन विचारा. आठवड्यातून दोन संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर एक तास तिथे बसून मग गाडी पकडली, तर गर्दीही थोडी ओसरलेली मिळेल. मुंबईबाहेरच्या वाचकांनाही मी हेच सुचवीन. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आपल्याकडे वाचनालये जुनी आहेत, आणि त्यांच्या वाचन कक्षात दुपारी वर्तमानपत्र चाळणाऱ्या चार ज्येष्ठांखेरीज बहुधा कोणी नसते. पुण्यातल्या पेठांत आणि आता तालुक्याच्या गावीही स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका निघाल्या आहेत, तिथे महिन्याच्या भाड्याने टेबल-खुर्ची मिळते. चाळिशीच्या बाईला त्या मुलांत बसताना पहिले दोन दिवस संकोच वाटेल. पण आजूबाजूला तीस माणसे मान खाली घालून बसलेली असली, की आपलीही मान खाली राहते, आणि तुम्ही काय लिहिता हे तिथे कोणी विचारत नाही.

वाटेवरचाच दुसरा भाग म्हणजे चालणे. स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के अधिक सुचल्या. स्टेशनपासून कार्यालयापर्यंतचे तुमचे चालणे रोज आहेच. त्या वेळी कानात गाणी घालू नका. सुचेल ते फोनवर आपल्याच आवाजात नोंदवा आणि फायलींच्या खोलीत पोचल्यावर उतरवून घ्या. ती खोली सोडू नका. तिने तुम्हाला आधीच अकरा पाने दिली आहेत.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मला जरा थांबून पाहावेसे वाटले. तुम्ही म्हणता, वातावरण जमले की मनःस्थिती आपोआप जमते, आणि लगेच पुढे सांगता, की चारही कथा जुलैच्या अखेरीस, संपादकांचा फोन आल्यावर, त्याच जेवणाच्या टेबलावर पुऱ्या झाल्या. टेबल तेच, टीव्ही तोच, सासूबाई त्याच. मग तेव्हा काय वेगळे होते? माझा तर्क असा, की "अंकाला द्यायचंय" या दोन शब्दांनी तुम्हाला घरच्या हाकांना "थांब" म्हणण्याचा हक्क दिला, आणि घरानेही तो मानला. बाहेरून आलेली मोठी हाक घरातल्या लहान हाकांच्या आड उभी राहिली. गदिमांनी 'गीतरामायण' लिहिले तेव्हा १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला नवे गीत हवे असे. अशी ५६ गीते झाली. कादंबरीची तशी वाट कोणी पाहत नाही. तिची वाट पाहणारे एक माणूस तुम्हाला स्वतः नेमावे लागेल, जात्याला समोरून हात लावणाऱ्या त्या दुसऱ्या बाईसारखे. एखादी मैत्रीण, शाळेतल्या जुन्या बाई, कार्यालयातली वाचणारी सहकारी, कोणीही चालेल, घरातले नको. दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या हातात दहा पाने द्यायची, तिने ती वाचून फक्त "पुढे काय?" एवढेच विचारायचे. चुका काढणे या टप्प्यावर नको, हे तिला आधीच सांगून ठेवा. आणि रोज लिहून उठताना परिच्छेद पुरा न करता, पुढचे वाक्य माहीत असताना मध्येच थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी धागा शोधण्यात वेळ जात नाही.

घराशी मात्र बोलावे लागेलच, कारण शनिवार-रविवार तुम्ही घरीच असता आणि हाका तिथेच आहेत. बोलण्याआधी एक आठवडाभर एक साधी नोंद ठेवा: कोणी, कशासाठी हाक मारली, आणि ती तासभर थांबली असती का. मी ही नोंद एकदा ठेवली होती. एका रविवारी सकाळी दीड तासात एकोणीस हाका आल्या, आणि त्यांतल्या दोनच थांबण्यासारख्या नव्हत्या. मुलांना मी तो कागद दाखवला तेव्हा ती खजील झाली, आणि त्यांच्याइतकीच मीही झाले, कारण त्या सतरा हाकांना मीच हौसेने ओ देत आले होते. तुम्हालाही कदाचित हे दिसेल, की घराला सवय तुम्हीच लावली आहे आणि मोडताना तुम्हालाच थोडे रिकामे वाटणार आहे. नोंद झाली की सगळे एकत्र असताना, भांडणाच्या सुरात नव्हे, पण विनवणीच्याही सुरात नव्हे, सांगा: शनिवारी आणि रविवारी सकाळी सात ते आठ मला हाक मारायची नाही. दूध यजमानांनी घ्यायचे, पाणी मुलाने भरायचे; दहावीच्या मुलाला त्यासाठी दहा मिनिटे नक्की असतात. जागेचा प्रश्न मग बराच लहान होतो. भिंतीकडे तोंड करून बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि त्या तासापुरती टेबलावर एकच गोष्ट वेगळी मांडा, दिवा म्हणा, एखादे जाड कापड म्हणा, जे दिसल्यावर घरातल्यांना शब्दाने सांगावे लागणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे कोणीतरी विसरेल. त्या वेळी न रागावता, पण न उठता, घड्याळाकडे बोट दाखवा.

सासूबाईंच्या वाक्याने तुम्ही दुखावल्या आहात. ते वाक्य मी दुसऱ्या बाजूने वाचून पाहिले. ७६ वर्षांच्या बाईला स्वतःसाठी वही आणि पेन तरी कधी मिळाले होते का, हे मला ठाऊक नाही; तुम्हालाही नसेल, कारण पत्रात त्यांच्या लहानपणाबद्दल एक ओळही नाही. त्यांची आई जात्यावर काय म्हणायची, त्यांच्या माहेरी पाणी कसे शेंदत, हे एकदा विचारा. त्यांना आपल्या बाजूला वळवण्याची युक्ती म्हणून विचारू नका, ती त्यांना लगेच कळेल. तुमची कादंबरी ज्या काळातली आहे, तो काळ पाहिलेले माणूस तुमच्या घरात बसले आहे आणि सात वाजता टीव्ही लावते आहे, म्हणून विचारा.

हाकेच्या पलीकडे एक तास मागणे हा स्वार्थ आहे का, या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही. नाही. यजमान रविवारी सकाळी क्रिकेट खेळायला जातात, असे तुम्हीच लिहिले आहे, आणि त्याबद्दल त्यांनी कोणाला पत्र पाठवून विचारलेले नाही.

एक शेवटचे काम. पत्राची प्रत तुम्ही ठेवलेली नाही, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून पाचव्या पानाची नक्कल या उत्तराबरोबर टपालाने पाठवत आहे. रहाटाचा तो परिच्छेद तुमच्या ३६ पानांत आहे की नाही, मला माहीत नाही; पत्राच्या सुरावरून नसावा असे वाटते. नसेल तर येत्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, फायलींच्या त्याच खोलीत, तो ३७व्या पानावर उतरवून घ्या, आणि आजीचा शेवटचा फेरा मोजून झाल्यावर ती अंथरुणातून उठून काय करते, ते पुढे लिहा.